शॉकअप, ग्लिसरीन आणि मोहाडीची द्राक्षं

मागच्या रविवारी नाशिकला सोमेश्वरच्या पुढे टपरीवर चहा घेत उभा होतो तर एक काका आले, माझ्या जुन्या मोटारीभोवती दोन चकरा मारल्या, मडगार्डवर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी दाबून बघितली आणि म्हणाले, "मऊ आहे हो फार. शॉकअप टाइट करून घ्या, आपले रस्ते कसले आहेत माहितीये ना." हे वाक्य मी गेल्या दीड वर्षात इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता नुसती मान डोलावतो. आणि खरं सांगायचं तर पहिले चार महिने मी स्वतः पण तेच धरून बसलेलो, रस्ता खराब म्हणजे शॉकअप घट्ट, एवढं सोपं गणित. ते गणित कसं चुकत गेलं ते एकदा लिहून काढतो, म्हणजे पुढच्या काकांना लिंक पाठवता येईल.

गाडी १९३० ची फोर्ड मॉडेल ए, कापडी टपाची. आमच्या आप्पांनी, म्हणजे आजोबांनी, १९५० च्या आसपास देवळाली कॅम्पातल्या एका अधिकाऱ्याकडून घेतलेली. फोर्डची मुंबईत १९२६ पासून कंपनी होती, कॅनडाच्या फोर्डच्या अखत्यारीतली, त्यामुळे आपल्याकडच्या या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे. आप्पा गेल्यावर वीसेक वर्षं ती घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती, त्यात उंदरांच्या किती पिढ्या झाल्या देव जाणे. इंजिन, ब्रेक, वायरिंग यात तीन वर्षं गेली, ते सगळं इथे सांगत नाही, तो वेगळाच रडगाण्याचा विषय आहे.

तर गाडी चालू झाली, आणि पहिल्यांदा गंगापूर रोडने धरणाकडे निघालो. पाचव्या मिनिटाला आई मागच्या सीटवरून म्हणाली, "अरे बैलगाडीत तरी बैल खड्डा बघून चालतात." खरंच असह्य होतं. प्रत्येक सांधा, प्रत्येक पॅच, आणि सिंहस्थाच्या नावाखाली जिथे जिथे खोदून परत बुजवलंय तिथला प्रत्येक उंचवटा सरळ मणक्यात. मी म्हटलं शॉकअप जाम झालेत. भद्रकालीत एक म्हातारे मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात, त्यांच्याकडे गेलो. चाचांनी खाली वाकून टॉर्च मारला, बोटाने पाट्यावरचा गंज खरवडला आणि म्हणाले, "बेटा, शॉकअपचं नाव नंतर घे. आधी पाटा खोल."

मॉडेल ए ला पुढे एक आणि मागे एक असे दोनच कमान पाटे असतात, दोन्ही आडवे, या चाकापासून त्या चाकापर्यंत. हेन्री फोर्डला हे आडवे पाटे भयंकर आवडायचे, त्याआधीच्या मॉडेल टी ला पण हेच. आता पाट्याची गंमत अशी की तो एक तुकडा नसतो, एकावर एक पट्ट्यांची चळत असते, आणि गाडी खालीवर झाली की त्या पट्ट्या एकमेकींवर घसरतात. त्या घसरण्यात जे घर्षण होतं तोच त्या जमान्यातला फुकटचा शॉकअप. मॉडेल टी १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटी विकली गेली आणि कंपनीतून शॉकअप एकीलाही नव्हते, सगळा कारभार त्या पट्ट्यांच्या घर्षणावर, फार तर मालकाने बाहेरून विकत घेऊन काहीतरी बसवायचं. पण वीस वर्षं शेडमध्ये उभ्या गाडीच्या पट्ट्या गंजून एकमेकींना चिकटतात, आणि मग तो पाटा राहत नाही, लोखंडी तुळई होते. माझ्याकडे तेच झालेलं. चाचांनी आणि त्यांच्या पोराने दोन दिवस घालून पाटे उतरवले, एकेक पट्टी घासली, कडांना जिथे खड्डे पडलेले तिथे ग्राइंडर मारला, मध्ये ग्रीस भरून परत बांधले. शॅकलचे, म्हणजे पाट्याची टोकं ज्या हलत्या कड्यांना जोडलेली असतात त्यांचे, बुश पण बदलले.

गाडी बाहेर काढली आणि आता उलटाच प्रकार. आधी हलत नव्हती, आता थांबत नव्हती. स्पीड ब्रेकरवरून उतरली की पाळण्यासारखी वरखाली, वरखाली, चार पाच वेळा, आणि पुढचं चाक खाली असताना मागचं वर. कॉलेज रोडच्या सिग्नलला थांबलो तरी डुलत होती, शेजारची स्कूटीवाली मुलगी हसली. म्हणजे शॉकअप खरंच मेलेले होते, फक्त गंजलेल्या पाट्याने ते इतके दिवस झाकून ठेवलेलं. पाटा साफ केल्याशिवाय शॉकअपला हात लावला असता तर वर्षभर अंधारात चाचपडलो असतो.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो कारण बऱ्याच लोकांच्या डोक्यात हे उलटं असतं, माझ्याही होतं. नावाप्रमाणे शॉक खाण्याचं काम शॉक ॲब्सॉर्बर करतच नाही. खड्ड्याचा दणका पाटा खातो. पण पाटा म्हणजे उधार घेणारा माणूस, जेवढं घेतलं तेवढं परत उसळून देतो. ती उसळी जिरवण्याचं, तिची उष्णता करून हवेत सोडून देण्याचं काम शॉकअपचं. म्हणून खराब रस्त्यावरून पाच सात किलोमीटर जाऊन आल्यावर खाली वाकून शॉकअपला हात लावायचा, कोमट लागला तर जिवंत, गार लागला तर तो फक्त शोभेला आहे. माझे चारही गार होते, डीप फ्रीजमधून काढल्यासारखे.

मॉडेल ए चे शॉकअप आजच्यासारखे नळकांडी नसतात. मोरिस हुदाय नावाच्या फ्रेंच माणसाने पहिल्या महायुद्धाआधीच काढलेला प्रकार, चासीला बोल्टने बसवलेला एक गोल जाड डबा, त्यातून एक दांडी बाहेर, दांडीचं टोक एका लिंकने ॲक्सलला जोडलेलं. डब्याच्या आत शाफ्टवर पंखासारखी पाती आणि भोवती ग्लिसरीन. चाक हललं की दांडी फिरते, पातं ग्लिसरीनला ढकलतं, आणि ग्लिसरीनला पलीकडच्या कप्प्यात जायला एक बारीक वाट. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट अर्धवट धरून दांडा दाबा, तस्संच. हळू दाबला तर सहज जातो, जोरात दाबला तर अडतो. त्या बारीक वाटेत एक सुईचा व्हॉल्व्ह असतो, तो आत फिरवला की वाट अरुंद, गाडी घट्ट, बाहेर फिरवला की सैल. एवढंच ट्यूनिंग. तेव्हाच्या स्वस्तातल्या गाडीला चारही चाकांना असले हायड्रॉलिक शॉकअप देणं ही फोर्डने मोठीच गोष्ट केलेली, कारण त्याआधी असली चैन महागड्या गाड्यांनाच असायची.

हो, ग्लिसरीन. तेल नाही. चाचांनी हे सांगितल्यावर मला वाटलं मस्करी करतायत. पण खरंच मूळ फोर्डच्या शॉकअपमध्ये ग्लिसरीनच, अती थंड मुलखात थोडं अल्कोहोल घालून. मी घरी येऊन देवघराशेजारच्या फडताळातून आईची बाटली उचलली, थंडीत ओठांना आणि टाचांना लावते ती. दुसऱ्या दिवशी चाचांनी बाटली उघडून वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, म्हणाले, "यात गुलाबपाणी आहे." मग केमिकलच्या दुकानातून एक लिटर शुद्ध आणलं. आईची बाटली परत द्यायची राहिली ती राहिलीच.

भरण्यात वेळ गेला. डबा वाइसमध्ये उभा धरायचा, वरून ग्लिसरीन ओतायचं, दांडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवायची, बुडबुडे वर येतात, परत ओतायचं, परत फिरवायची. आत हवा राहिली तर दांडीचा थोडासा प्रवास फुकट जातो, हाताला कळतं, आधी ढिलं आणि मग अचानक अडतं. एका डब्याला पाऊण तास, ग्लिसरीन मधासारखं, त्याला घाई चालत नाही. शाफ्टपाशी गळत होतं तिथली पॅकिंग बदलली. चारपैकी तीन छान झाले, मागचा डावा कुरकुरत झाला.

मग ते गाडीवर चढवायचं काम मी घाईत दुसऱ्याच एका गॅरेजला दिलं, चाचा लग्नाला मालेगावला गेलेले आणि मला दम निघत नव्हता. त्यांनी पुढचे दोन शॉकअप डावा उजवा अदलाबदल करून टाकले. बाहेरून दिसायला जवळपास सारखेच दिसतात. पण हे शॉकअप दोन्ही दिशांना सारखं अडवत नाहीत, चाक वर येताना कमी आणि पाटा उसळून परत सुटताना जास्त, आणि कुठली दिशा कुठली हे शाफ्ट कोणत्या बाजूने फिरतो त्यावर. उलटे लावले की काम उलटं. खड्ड्यात चाक आपटलं की हँडल हातातून उडेल असा दणका, आणि मग पुढचा भाग मोकाट वर. आठवडाभर मी सुया फिरवत बसलो, घट्ट करून बघ, सैल करून बघ, काही म्हणता काही बसेना. चाचा परत आले, गाडी एकदा हाताने दाबली, म्हणाले, "दाबायला जड, सुटायला हलकी. कुणी लावले?" मी नाव सांगितलं नाही, इथेही सांगत नाही.

सुया बसवायची माझी पद्धत अशी झाली. सुई हलक्या हाताने पूर्ण बंद करायची, अजिबात जोर द्यायचा नाही नाहीतर बसायची जागा खराब होते, आणि मग तिथून मोजून मागे यायचं. पाव फेरा, अर्धा फेरा, पाऊण फेरा. एका वेळी एकच बदल, तोही पुढच्या जोडीला किंवा मागच्या जोडीला, चारही एकदम कधीच नाही. प्रत्येक वेळी तोच रस्ता, तोच वेग, गाडीत तेवढंच वजन. वजनासाठी माणसं रोज कुठून आणणार, म्हणून मागच्या सीटवर कांद्याच्या दोन गोण्या. रस्ता म्हणजे गिरणारेच्या पुढे हरसूलकडे जाताना एक पट्टा आहे, डांबर गेलेलं, खडी उघडी, आणि त्यावर चाकांनी पडलेल्या आडव्या लाटा लाटा, पत्र्यासारख्या. तिथे ३० च्या स्पीडने.

जानेवारीतली सकाळ, मी उत्साहात सगळं घट्ट केलं. चारही पाव फेऱ्यावर. पहिल्या दोन खड्ड्यांना वाटलं वा, काय बसलीये गाडी, एकदम दमदार. आणि लाटांचा पट्टा लागला तसं काहीतरी विचित्र व्हायला लागलं. पहिले पाच दहा मीटर बरी, मग जास्त जास्त कडक, आणि शेवटी पाटे आहेत की नाहीत असं. उतरून बघितलं. मी आधी ॲक्सलच्या वर, चासीच्या खालच्या बाजूला शाडूचे गोळे चिकटवून ठेवलेले, गणपतीची उरलेली माती, ॲक्सल किती वर येतो ते कळावं म्हणून. मागचे गोळे चपटे झालेले, भाकरीसारखे. म्हणजे ॲक्सल वरपर्यंत येऊन आपटत होता, आणि तेही घट्ट शॉकअप असताना!

घरी येऊन डोकं खाजवलं, चाचांशी बोललो, मग पेटलं. सुटतानाचा अडथळा इतका जास्त झालेला की एका लाटेवर दाबलेला पाटा पूर्ण सुटायच्या आत दुसरी लाट. पाटा अर्धाच उघडलेला, तो आणखी दाबला. तिसरी, चौथी. प्रत्येक लाटेला गाडी थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी पाट्याला दाबायला जागाच उरत नाही. वरून चाक खड्ड्यात उतरायला उशीर करतं, म्हणजे काही क्षण ते हवेतच, आणि हवेतल्या चाकाला ना स्टिअरिंग ना ब्रेक. मॉडेल ए चे ब्रेक दांड्यांवर चालणारे, त्यांना आधीच बिचाऱ्यांना थोडक्यात भागवायचं असतं. म्हणजे जिथे रस्ता सगळ्यात वाईट तिथेच घट्ट शॉकअप सगळ्यात घातक. घट्ट लागतात ते गुळगुळीत रस्त्यावर वेगाने जाताना, मोठ्या लांब उसळीला. आमच्या हरसूलच्या पट्ट्याला नाही.

मग सैल करत गेलो. अर्धा फेरा, पाऊण. मध्ये एकदा हौस म्हणून चारही लिंक काढून शॉकअपशिवाय गाडी नुसती हाताने डुलवून मोजलं, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मिनिटाला नव्वदच्या आसपास डुलते. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक लँचेस्टरचं अगदी सुरुवातीच्या मोटारींपासून म्हणणं होतं की गाडीचं डुलणं माणसाच्या चालण्याच्या ठेक्याशी जुळलं पाहिजे, कारण डोक्याला आणि पोटाला तेवढ्याच हिंदकळण्याची जन्माची सवय असते. मी आमच्या जिन्यापासून गेटपर्यंत चालून पावलं मोजली, जवळपास शंभर भरली, म्हणजे आप्पांची गाडी माझ्यापेक्षा जरा निवांत चालते एवढंच. यापेक्षा पुष्कळ जलद डुलली तर दात वाजतात, पुष्कळ हळू डुलली तर उलटी. शॉकअपने हा ठेका बदलत नाही, ते पाट्याचं आणि वजनाचं खातं. शॉकअपने फक्त किती वेळा डुलायचं ते ठरतं. दाबून सोडली की वर यावी, किंचित खाली जावी आणि थांबावी. दीड डुलकी. दोनच्या वर गेली तर सैल, नुसतीच हळूहळू वर येऊन चिकटली तर घट्ट.

पण हात दाबून आणि बूड कितपत दुखलं यावरून किती ठरवणार. फेब्रुवारीत मोहाडीला दादाकडे गेलो, चुलतभाऊ, द्राक्षबागायतदार. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू उगाच शाडू बिडू लावत बसलायस. क्रेट ठेव मागे." पिकलेल्या थॉमसनचे घड, ज्यांचे मणी जरा धक्का लागला की सुटतात, मुद्दाम तसलेच निवडून एका क्रेटमध्ये कागदावर ठेवले. त्याच्या मळ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत दीड किलोमीटर कच्चं, ट्रॅक्टरने चाकोऱ्या पाडलेलं. जाऊन यायचं आणि क्रेटमध्ये सुटलेले मणी मोजायचे, दर फेरीला नवे घड. पाव फेऱ्यावर ४१ मणी. अर्ध्यावर २३. पाऊण फेऱ्यावर ९. म्हटलं अजून सैल करू, एक फेरा केला तर १७, कारण आता गाडी नुसती डोलत होती आणि घड एकमेकांवर आपटत होते. सगळं करेपर्यंत दुपार झाली आणि दादाच्या पोरांनी पुरावा खाऊन टाकला. पण मला आजवर मिळालेली यापेक्षा चांगली टेस्ट नाही. दादा म्हणतो मणीगळ मोजूनच त्याने पिकअपवाला बदललेला, तो माणूस टायरला दगडासारखी हवा भरून यायचा.

हवेवरून आठवलं. १९३० च्या मॉडेल ए ला १९ इंची चाकं आणि कंपनीच्या हिशेबाने टायरला ३५ पौंड हवा. मी ३२ ठेवतो. बारीक खडीची कुरकुर टायर खातो, शॉकअपपर्यंत ती पोचूच द्यायची नाही. यापेक्षा कमी केली तर स्टिअरिंग जड होतं आणि ते वळवणं ही आधीच कुस्ती आहे.

तर पाऊण फेरा ठरला, मी खूश, गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलं. आणि मे आला. भर दुपारी दिंडोरीहून येताना गाडी होडीसारखी. सुई तिथेच, पाटे तेच, मग काय झालं? ग्लिसरीन झालं. १० अंशाला शुद्ध ग्लिसरीन हे ४० अंशाच्या ग्लिसरीनपेक्षा तेरा चौदा पट घट्ट असतं. आपल्याकडे जानेवारीत निफाडचं तापमान पेपरच्या पहिल्या पानावर येतं आणि मे महिन्यात डांबर पायाला चिकटतं, म्हणजे तीच गाडी, तीच सुई, आणि शॉकअप दोन वेगळे. माझ्या सगळ्या टेस्ट हिवाळ्यातल्या सकाळच्या नाहीतर फेब्रुवारीतल्या. मूळ फोर्डचा पण सल्ला हाच होता की उन्हाळ्या हिवाळ्याला सुई बदला, मी ते वाचून सोडून दिलेलं, म्हटलं ते तिकडे बर्फात राहणाऱ्यांसाठी असेल. मे मध्ये अर्ध्या फेऱ्यावर आणलं तेव्हा गाडी फेब्रुवारीसारखी झाली.

पावसाळ्यात आणखी एक. जुलैमध्ये इगतपुरीला गेलो, कसाऱ्याच्या तोंडापर्यंत, धुकं आणि पाऊस, गाडीने मजा आणली. घरी आल्यावर मागच्या डाव्यात थोडं ग्लिसरीन टाकलं, तो गळतोच, आणि कॅनचं झाकण नीट लावायचं विसरलो. आठ दहा दिवस कॅन तसाच, शेडमध्ये, त्या हवेत. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं, टाचांना लावायचं कारणच ते. आणि पाण्याशी त्याचं फार वाईट जमतं, २० अंशाला दहा टक्के पाणी मिसळलं तर ते सहा पट पातळ होतं. पुढच्या वेळी त्याच कॅनमधलं टाकलं आणि मागचा डावा परत मेला. मी आठवडाभर पॅकिंगला शिव्या दिल्या. चाचांनी कॅनमधलं दोन बोटांत घेऊन चोळलं, म्हणाले, "हे तर सरबत आहे." आता कॅन घट्ट झाकणाचा, आत प्लॅस्टिक, आणि वर मार्करने तारीख.

देवळालीच्या एका मित्राकडे ऑस्टिन सेव्हन आहे, तिला हायड्रॉलिक नाहीत, घर्षणाचे आहेत, कात्रीसारख्या दोन दांड्या आणि जोडावर चकत्या, मध्ये एक बोल्ट. हा प्रकार हुदायच्याही आधीचा, ट्रुफो नावाच्या फ्रेंच माणसाने आधी सायकलसाठी काढला आणि हार्टफर्ड नावाच्या अमेरिकनाने तो मोटारींना लावून जगभर विकला. मित्र म्हणतो तुझ्या ग्लिसरीनच्या भानगडी मला नाहीत, बोल्ट आवळला की झालं. पण त्याचं दुखणं वेगळं. चकत्यांना हळू काय आणि जोरात काय, अडवणं जवळपास तेवढंच, उलट जागेवरून हलायलाच जास्त जोर लागतो. म्हणजे बारीकसारीक खडीवर त्या हलतच नाहीत, गाडी पाटाच नसल्यासारखी थरथरते, आणि मोठ्या खड्ड्याला जेव्हा खरी गरज तेव्हा घसरून मोकळ्या. बोल्ट आवळावा तर बारीक रस्ता छळतो, सैल करावा तर मोठा खड्डा. १९३० च्या दशकात इंग्लंडात चालत्या गाडीत डॅशबोर्डवरून त्या आवळता सैल करता येतील अशी सोयच काढलेली, आंद्रे कंपनीची, एवढी लोकांची यात फरफट व्हायची. आम्ही त्याच्या दांड्या काढून, टोकाला ताणकाटा अडकवून, किती किलोला घसरते ते मोजून डाव्या उजव्या सारख्या केल्या. एक तीन किलोला सुटत होती आणि दुसरी आठला, काय सरळ चालणार ती गाडी. एका बाजूच्या चकत्यांवर गिअरचं तेल उडालेलं, ते पुसल्यावरच निम्मं काम झालं. त्यानंतर मात्र गाडी ब्रेक मारल्यावर बाजूला जायची थांबली, जे तो दोन वर्षं ब्रेकचं समजून ब्रेकवाल्याकडे पैसे घालत होता.

तर सध्या भिंतीवर असं लिहिलंय: हिवाळा पुढे पाऊण मागे पाऊण, उन्हाळा पुढे अर्धा मागे अर्ध्याला जरा कमी, चारजण आणि सामान असेल तर मागचे आणखी थोडे आत, हरसूल रोडला जायचं असेल तर काही झालं तरी पाव फेऱ्यावर नाही. खाली चाचांच्या पोराने खडूने द्राक्षाचा घड काढून ठेवलाय.

मागचा डावा अजून गळतो. शाफ्टच झिजलाय, नुसत्या पॅकिंगने भागणार नाही, सातपूरला एकाला लेथवर बुश बनवायला दिलंय आणि तो "परवा" म्हणतोय त्याला तीन आठवडे झाले. आणि आता थंडी पडायला लागलीये, काल आईने फडताळ उपसून विचारलं की माझी बाटली कुठाय.